क्रिस्पर स्वतःच्या हातानं शिकायचं तर बेळगाव भागात सुरुवात कुठून करावी?

खानापूर तालुक्यातल्या एका पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.एस्सी.ला क्रिस्परचा, म्हणजे जनुक हव्या त्या जागी कापून बदलण्याच्या (जनुक-संपादनाच्या) तंत्राचा, धडा होता, परीक्षेत उत्तरही लिहिलं, पण हातानं कधी काही केलं नाही. परदेशात कुणालाही फी भरून शिकता येईल अशा सामुदायिक प्रयोगशाळा असतात, तसं आपल्याकडे शिकता येईल का? परदेशी संच मागवून माडीवरच्या खोलीत सुरुवात केली तर चालेल का? किती काळ लागेल? आणि पुढं कधी घरच्या शेतातल्या, उंच वाढून कापणीआधीच आडव्या पडणाऱ्या बासमतीवर काही करता येईल का?

सर, मी बरीच वर्षं यीस्टच्या जनुकशास्त्रात काम केलंय आणि आता बेळगावात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सुट्टीच्या दिवशी छोट्या गटाला हेच शिकवते. असे प्रश्न मला नेहमी येतात, आणि बहुतेकांचा समज असा असतो की क्रिस्परची क्रियाच अवघड आहे, ती एकदा जमली की झालं. क्रिया तशी अवघड नाही. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी दाखवलं की कॅस-९ हे प्रथिन एका छोट्या गाइड आरएनएच्या, म्हणजे वाट दाखवणाऱ्या रेणूच्या, आधारानं डीएनए ठरवलेल्या जागी कापतं. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. आज ती जागा ठरवायची म्हणजे जनुकातली अशी वीस अक्षरं (डीएनए हा ए, टी, जी, सी या चार घटकांच्या अक्षरांत लिहिलेला असतो) निवडायची, ज्यांच्यापुढं कुठलंही एक अक्षर आणि मग लागोपाठ दोन जी येतात. संगणकावर हे एका दुपारी जमतं. खरी मेहनत त्यानंतर आहे: प्लेटवर, म्हणजे पोषक माध्यमाच्या बशीवर, जे उगवलं ते तुमच्या संपादनामुळंच उगवलं, हे दुसऱ्या माणसाला पटेल असं दाखवणं. म्हणून तुमचा प्रश्न मी असा वाचते: हे दाखवण्याइतका हात आणि नजर कुठं आणि कुणाबरोबर तयार करायची?

आधी माडीवरच्या खोलीचं बोलू. तिथं संपादन करू नका. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ मध्ये केलेले नियम जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांना लागू आहेत. त्यांच्यानुसार असं काम संस्थेत, तिथल्या जैवसुरक्षा समितीच्या देखरेखीखाली व्हावं लागतं. अगदी कमी जोखमीचा प्रयोग असला तरी समितीला कळवावं लागतं. हे नियम केंद्राचे आहेत, त्यामुळं तुम्ही खानापुरात असा नाहीतर चंदगडात, फरक पडत नाही. पण मला कायद्याइतकंच दुसरं कारणही महत्त्वाचं वाटतं. २०१७ मध्ये जर्मनीच्या ग्राहक-संरक्षण खात्यानं अशा घरगुती संचांत रोगकारक जिवाणू सापडल्याचा इशारा दिला होता. घरी एकट्यानं काम करणाऱ्याला प्लेटवर उगवलेलं नेमकं काय आहे ते सांगणारं कुणी नसतं. शिवाय या संचांतला एक प्रसिद्ध प्रयोग ई. कोलाय जिवाणूला स्ट्रेप्टोमायसिनला दाद न द्यायला शिकवतो. संचातली त्याची जात निरुपद्रवी असते, हे खरं. तरीही ज्या देशात क्षयाचे इतके रुग्ण आहेत तिथं क्षयावरच्या औषधाला दाद न देणारा जिवाणू स्वयंपाकघराशेजारी वाढवणं मला पटत नाही. तेवढंच शिकवणारे, प्रतिजैविक न लागणारे प्रयोग आहेत.

परदेशी सामुदायिक प्रयोगशाळांबद्दल वाचताना एक गोष्ट नजरेतून सुटते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली जेनस्पेस २०१० मध्ये सुरू झाली. तिथं दार सगळ्यांना उघडं असलं तरी आत काम करण्याआधी सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि तुम्ही काय करणार ते आधी तपासलं जातं. लोकांना तिथून मिळतं ते मुख्यतः हेच: शेजारच्या टेबलावर अनुभवी माणूस, आणि तुमची योजना वाचून शंका काढणारं कुणीतरी. आपल्याकडे ही गोष्ट कॉलेजच्या प्रयोगशाळेतच उभी करता येते. बेळगावात वैद्यकीय विद्यापीठ आहे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. धारवाडला कृषी विद्यापीठ आहे. निपाणी-चिकोडीकडच्यांना बेळगावपेक्षा कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ सोयीचं पडतं. जिथं जनुकीय संशोधन चालतं तिथं जैवसुरक्षा समिती असते. आपल्या कॉलेजाला अशा संस्थेशी जोडून घेणं ही तुमची पहिली पायरी. संस्था मागं असल्याचा आणखी एक फायदा सांगते. कॅस-९ चे प्लाझ्मिड (जनुक पेशीत नेणारी डीएनएची छोटी कडी) ज्या ॲडजीन या ना-नफा संग्रहातून जगभर जातात, तो संग्रह एकट्या व्यक्तीला काही पाठवत नाही. संस्थेशी करार झाला की मगच पाठवतो.

पत्रव्यवहाराला वेळ लागेल. तोवर हात बसवा, आणि त्यासाठी जनुकीय बदल केलेलं काहीच लागत नाही.

मायक्रोपिपेटपासून, म्हणजे द्रवाचे अगदी बारीक थेंब मोजून उचलणाऱ्या उपकरणापासून, सुरू करा. रंगीत पाणी घ्या आणि सराफाकडं असतो तसा मिलिग्रॅम दाखवणारा काटा. शंभर मायक्रोलिटर पाण्याचं वजन शंभर मिलिग्रॅम, दहाचं दहा. सलग दहा थेंब मोजा आणि ते एकमेकांशी किती जुळतात ते बघा. पाण्यावर हात बसला की ग्लिसरीन मिसळलेलं पाणी घ्या, कारण एन्झाइमं (डीएनए कापणारी-जोडणारी प्रथिनं) ग्लिसरीनमध्येच येतात. ती पिपेटच्या टोकाला चिकटतात आणि घाईनं ओढली तर निम्मीच येतात. नवशिक्यांचे जे प्रयोग 'का कुणास ठाऊक' फसतात, त्यांतले बरेच इथं फसलेले असतात.

मग निर्जंतुकता. साधा प्रेशर कुकर ऑटोक्लेव्हचं, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं, काम बऱ्यापैकी करतो, पण शिट्ट्या मोजून नाही. आतली हवा आधी पूर्ण निघून जाऊ द्या, मग शिटी बसवा. दाब भरल्यावर घड्याळ लावा. १२१ अंशांना पंधरा ते वीस मिनिटं असं पुस्तकात असतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. इथं बाहेरचा हवेचा दाबच कमी, म्हणून तोच कुकर थोडं कमी तापमान गाठतो. मी सरळ अर्धा तास ठेवायला सांगते. हा कुकर नंतर स्वयंपाकात वापरायचा नाही. सत्तर टक्के अल्कोहोलनं टेबल पुसलं की बाटली दूर ठेवून मगच बर्नर पेटवायचा.

तिसरा सराव बेकरीच्या यीस्टवर करा. एक टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, दोन टक्के पेप्टोन, दोन टक्के डेक्स्ट्रोज, दोन टक्के अगार, एवढंच माध्यम लागतं. यीस्ट पाण्यात कालवा, दर पायरीला दहापट पातळ करत जा, प्रत्येकातलं थोडं प्लेटवर पसरा आणि तीस अंशांच्या आसपास ठेवा. ज्या प्लेटवर तीस ते तीनशे कॉलनी (एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके) येतील ती मोजण्याजोगी. शेजारच्या दोन पातळ्यांमध्ये दहापटीचा हिशोब जुळला की तुमचं पसरणं आणि मोजणं दोन्ही ठीक आहे. सोबत एक रिकामी प्लेट तासभर उघडी ठेवून बंद करा. आपल्याकडच्या पावसाळ्यात, आषाढ-श्रावणात, ती प्लेट चार दिवसांत बुरशीनं भरते. आपल्या खोलीतल्या हवेत काय आहे ते यातून एकदा कळलं की झाकण किती वर उचलायचं हे सांगावं लागत नाही. उगवलेल्या प्लेट पुन्हा उघडायच्या नाहीत. आधी ब्लीचमध्ये नाहीतर कुकरमध्ये घालायच्या, मगच टाकायच्या.

इतकं जमलं आणि प्रयोगशाळेची परवानगी हातात आली की पहिला संपादनाचा प्रयोग मी नेहमी एकच सुचवते: यीस्टमधलं एडीई-२ हे जनुक मोडणं. यीस्ट हा संपूर्ण जनुकसंच वाचला गेलेला पहिला दृश्यकेंद्रकी (पेशीत केंद्रक असलेला) जीव, १९९६ पासून, त्यामुळं त्याचं प्रत्येक अक्षर फुकट बघता येतं. तुटलेला डीएनए तो जवळपास सारखा तुकडा मिळाला की हुबेहूब तसाच जोडून घेतो. दोन्ही टोकांना चाळीस-पन्नास अक्षरं जुळली तरी त्याला पुरतं. आणि एडीई-२ मोडलं की ॲडेनीन (डीएनएमधला एक घटक) बनवण्याची साखळी मधेच थांबते, अर्धवट बनलेला पदार्थ पेशीत साठतो आणि ऑक्सिजन मिळाल्यावर लाल होतो. पांढरी कॉलनी लाल होते, ते डोळ्यांनी दिसतं. बेकरीचं यीस्ट मात्र इथं चालत नाही, कारण त्यात प्रत्येक जनुकाच्या एकाहून जास्त प्रती असतात. एकच प्रत असलेली, युरासिल (पेशीला लागणारा एक घटक) स्वतः बनवू न शकणारी प्रयोगशाळेतली जात घ्यावी. कॅस-९ च्या प्लाझ्मिडवर युरासिल बनवणारं जनुक असतं. म्हणून युरासिल नसलेल्या माध्यमावर फक्त प्लाझ्मिड घेतलेल्या पेशी वाढतात, आणि प्रतिजैविकाची गरजच राहत नाही.

माध्यमात ॲडेनीन किती घालायचं हे नीट समजून घ्या. अजिबात घातलं नाही तर तुम्ही संपादित केलेल्या पेशीच मरतील, कारण त्यांना ते बनवता येत नाही. भरपूर घातलं तर पेशी ती साखळीच बंद ठेवते, मधला पदार्थ साठत नाही आणि कॉलनी पांढरीच दिसते. म्हणजे यशस्वी प्रयोग फसल्यासारखा दिसतो. थोडंसं घालायचं, तीन दिवस वाढू द्यायचं, मग प्लेट काही दिवस फ्रिजमध्ये ठेवायची. रंग तिथं गडद होतो. मुलं तिसऱ्या दिवशी निराश होतात आणि पुढच्या रविवारी आनंदानं ओरडतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसले ते सांगते. एका प्लेटवर प्रयोग करू नका, पाच प्लेट करा. पहिलीवर डीएनए न दिलेल्या पेशी. तिथं काहीच उगवू नये. दुसरीवर कॅस-९ आहे पण गाइड नाही. तिथं भरपूर पांढऱ्या कॉलनी याव्यात. तिसरीवर कॅस-९ आणि गाइड, पण जोडायला तुकडा दिलेला नाही. तिथं फार थोड्या कॉलनी याव्यात, कारण सतत तुटणारं गुणसूत्र घेऊन यीस्ट जगत नाही. चौथीवर तिन्ही दिलेलं. तिथं कॉलनी पुन्हा वाढाव्यात आणि बऱ्याचशा लाल असाव्यात. पाचवी म्हणजे त्याच पेशी पातळ करून भरपूर अन्नाच्या माध्यमावर. डीएनए आत घालताना पेशींना बेचाळीस अंशांची उष्णता द्यावी लागते. त्यानंतर त्या जिवंत आहेत का ते ती सांगते.

समजा चौथीवर एकही लाल कॉलनी आली नाही. एकच प्लेट असती तर तुम्ही अंदाज बांधत बसला असता. पाच असल्या की प्लेटच उत्तर देतात. पाचवी रिकामी असेल तर पेशी उष्णतेनं किंवा रसायनानं मेल्या. पाचवी भरलेली आणि दुसरी रिकामी असेल तर डीएनए आतच गेला नाही. अशा वेळी डीएनए पेशीत शिरायला मदत करणाऱ्या गोष्टी, म्हणजे लिथियम ॲसिटेट, पीईजी आणि सोबत द्यायचा उकळलेला डीएनए, तपासायच्या. दुसरी भरलेली, तिसरी-चौथी दोन्ही जवळपास रिकाम्या असतील तर कापणं व्यवस्थित झालंय, जोडायचा तुकडा चुकलाय किंवा कमी पडलाय. तिसरी दुसरीइतकीच भरलेली असेल तर गाइड काम करत नाही, आणि वीस अक्षरं नव्यानं निवडावी लागतील. पहिलीवर काही उगवलं असेल तर बाकीच्या चारही प्लेट वाचायच्या नाहीत. आधी माध्यम आणि यीस्टची जात तपासायची. आमच्या गटात प्लेट फ्रिजमधून काढण्याआधी प्रत्येकानं पाचही प्लेटचा अंदाज वहीत लिहायचा असा नियम आहे. कुणी कन्नडमध्ये लिहितं, कुणी मराठीत. प्लेटवरची खूण मात्र सगळ्यांची एकाच पद्धतीनं: तारीख, जात, क्रमांक. ती झाकणावर लिहायची नाही, तळाला लिहायची, कारण झाकणं अदलाबदल होतात.

लाल कॉलनी आली तरी थांबू नका. हवेतून येणारं ऱ्होडोटोरुला नावाचं गुलाबी-केशरी यीस्ट असतं, दमट दिवसांत ते हमखास भेटतं. एडीई-१ हे दुसरंच जनुक मोडलं तरी कॉलनी लालच होते. आणि एडीई-२ खरोखर मोडलेलं असलं तरी ते तुमच्या तुकड्यानं बदललं की पेशीनं जखम कशीतरी सांधताना बिघडलं, हे रंगावरून कळत नाही. उलट, श्वसन बंद पडलेल्या पेशींत संपादन होऊनही रंग येत नाही. म्हणून जोडायच्या तुकड्यात मी मुद्दाम एक थांब-संकेत (प्रथिन बनणं तिथंच थांबवणारी अक्षरं) आणि एको-आर-वन या एन्झाइमची कापण्याची जागा ठेवायला लावते. कॉलनी सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये दहा मिनिटं उकळायची, तो भाग पीसीआरनं (डीएनएच्या ठरावीक भागाच्या भरपूर प्रती काढणाऱ्या पद्धतीनं) वाढवायचा, निम्म्यात एन्झाइम घालायचं, निम्मं तसंच ठेवायचं आणि दोन्ही जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) शेजारी शेजारी चालवायचं. सहाशे अक्षरांची एक पट्टी फुटून साडेतीनशे आणि अडीचशेच्या दोन झाल्या, आणि संपादन न केलेल्या यीस्टची पट्टी अखंड राहिली, की बोलायला आधार मिळतो. शेवटी एक-दोन नमुने बेंगळुरूला सॅंगर सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून घ्यायला, पाठवायचे आणि आलेली अक्षरं स्वतः वाचायची. जेल रंगवायला इथिडियम ब्रोमाइड वापरू नका, ते डीएनएलाच घातक आहे. निळ्या प्रकाशात दिसणारे सुरक्षित रंग मिळतात.

एन्झाइमांसाठी फ्रीझर लागतो, आणि तो आपोआप बर्फ वितळवणारा नसावा. तसा फ्रीझर बर्फ साचू नये म्हणून मधून मधून स्वतःच गरम होतो. बर्फ साचणारा जुना डीप फ्रीझर चांगला. आत जेलचे पॅक रचून ठेवले की लाइट गेली तरी काही तास निभावतं.

किती काळ लागेल ते तुमच्या वेळेवर आणि सोबतीवर आहे. आठवड्यातून एक पूर्ण दिवस देणाऱ्याचा हात दोन-तीन महिन्यांत बसतो. संपादनाची एक फेरी, म्हणजे पेशी वाढवण्यापासून सिक्वेन्सिंगचं उत्तर येईपर्यंत, तीन-चार आठवडे घेते, आणि अशा किमान तीन फेऱ्या धरा. मोठ्या शहरांत दोन दिवसांच्या क्रिस्पर कार्यशाळा होतात. त्यांना जाण्यापूर्वी एवढंच विचारा: माझ्या प्लेट मी ओतणार का, कंट्रोल (तुलनेच्या प्लेट) माझ्या हातचे असणार का, आणि निकाल मला दिसणार का? यीस्टची कॉलनीच दिसायला तीन दिवस लागतात, त्यामुळं दोन दिवसांत दाखवलेला निकाल बहुधा आधी कुणीतरी तयार करून ठेवलेला असतो. ओळख म्हणून हरकत नाही, पण तेवढ्यानं हात तयार होत नाही.

आता बासमती. तुमची इच्छा अवास्तव नाही. भाताच्या उंचीमागं एसडी-१ हे जनुक आहे. ते बिघडलं की जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक कमी बनतं आणि ताट बुटकं, भक्कम राहतं. १९६६ च्या आयआर-८ या बुटक्या भाताच्या जातीत हेच होतं, ते संकरातून आलेलं. क्रिस्परनं तीच गोष्ट जुन्या जातीचा वास आणि दाणा फारसा न बदलता करता येणं शक्य आहे. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेनं (आयसीएआर) जनुक-संपादित भाताच्या दोन जाती जाहीर केल्या, सांबा मसुरीवरून डीआरआर धान १०० आणि एमटीयू १०१० वरून पुसा डीएसटी राइस १. बाहेरचा डीएनए शिल्लक नसलेल्या अशा पिकांना २०२२ मध्ये नियमांच्या काही भागांतून सूट मिळाली आहे. पण ही सूट बाहेरचा डीएनए उरला नाही हे सिद्ध झाल्यावर लागू होते. त्याआधी रोपात कॅस-९ असतो आणि ते काम बंदिस्त जागेत, समितीच्या नजरेखालीच करावं लागतं. शिवाय संपादन केलेल्या एका पेशीपासून अख्खं रोप उभं करणं ही वेगळीच कला आहे, आणि काही जाती त्यात फार त्रास देतात.

ती कला मात्र तुम्ही आजच सुरू करू शकता, कारण त्यात जनुकीय बदल नाही. आपल्या बासमतीचे दाणे सोला, ब्लीचनं निर्जंतुक करा, २,४-डी संप्रेरक लिटरला दोन मिलिग्रॅम घातलेल्या एमएस माध्यमावर (वनस्पतींच्या पेशी वाढवण्याच्या ठरावीक पोषक माध्यमावर) अंधारात ठेवा. तीन-चार आठवड्यांत दाण्याच्या अंकुराकडच्या बाजूला पिवळसर, दाणेदार गाठ येते, तिला कॅलस म्हणतात. तुमच्या जातीचा कॅलस येतो का, आणि त्यातून पुन्हा हिरवे कोंब फुटतात का, हे कळल्याशिवाय संपादनाचा विचार पुढं सरकत नाही. ही माहिती धारवाडच्या एखाद्या भात-संशोधकाकडे घेऊन गेलात तर बोलणं लगेच कामाचं होईल. दरम्यान या हंगामात युरिया कमी आणि विभागून दिला तरी भात पडण्याचं प्रमाण घटतं, ते करून बघाच.

प्राचार्यांना पत्र लिहाल तेव्हा 'क्रिस्पर प्रयोगशाळा' असं मागू नका. यीस्टची कुठली जात, कुठलं जनुक, कुठला प्लाझ्मिड, कचरा कसा नष्ट करणार, जबाबदार शिक्षक कोण आणि कुठल्या संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे अर्ज जाणार, हे एका पानात लिहा. सोबत बेकरीच्या यीस्टच्या तुमच्या मोजणीच्या वहीची दोन पानं जोडा. सुरुवातीला चारच जण घ्या, त्यांतला एक तरी प्रयोगशाळा सहाय्यक असू द्या. पत्राचा मसुदा तयार झाला की इथं टाका, मी वाचून देते.